त्या बैठकीला मी नव्हते

सहा वर्षं मी महाडच्या एका साप्ताहिकाचे अग्रलेख लिहिले. हे फार थोड्यांना माहीत होतं. अग्रलेखाखाली नाव नसतं आणि अंकावर संपादकांचं नाव असतं, त्यामुळे ते त्यांचेच समजले जायचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. उगाच कुणाच्या नजरेत यायला नको म्हणून मलाही ते सोयीचं होतं. आम्ही राहायला बिरवाडीत. नवरा एमआयडीसीत शिफ्टच्या नोकरीला. बुधवारी दुपारी मी मिनिडोर रिक्षा पकडून महाडला जायची, छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून लेख पुरा करायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी यायची.

संपादक सत्तरीकडे झुकलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. कधी आवाज चढवला नाही, कधी माझा मजकूर न विचारता बदलला नाही. त्यांची मागणी एकच असायची. लेख वाचून झाला की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "ताई, उत्तम झालंय. पण टोला कुठाय?"

टोला म्हणजे शेवटच्या परिच्छेदात कुठल्या तरी पुढाऱ्याला हाणलेलं असं वाक्य, जे लोक टपरीवर एकमेकांना वाचून दाखवतील. रखडलेल्या पुलांवर, नळाच्या पाण्यावर, कारखान्यांच्या वासावर मी मेहनतीने लिहायची. ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. टोला राहायचा. पुढे पुढे मी टोला आधी सुचवून घ्यायला लागले आणि बाकीचा लेख त्याच्या मागेपुढे बसवायला. यात मला मजा येत होती. स्टाफरूममध्ये कुणी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले की मी खाली मान घालून वह्या तपासायची आणि आतून फुलून जायची.

त्या वर्षी मे महिन्यात पोलादपूरला पावसाळ्याआधीची आढावा बैठक होती. दरडीचा धोका असलेल्या गावांचे सरपंच, तालुक्याचे अधिकारी, सगळे जमणार होते. मला सुट्टी होती. जायचं ठरवलंही होतं. पण ऊन फार होतं आणि एसटीत तासभर उभं राहायचा कंटाळा आला. गेले नाही. बैठकीची हकिगत संपादकांच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने फोनवर सांगितली. तो बोलत होता, मी टिपून घेत होते.

"आणि ती वरच्या वाडीची सरपंचबाई," तो हसत म्हणाला, "दोन तासांत तोंड उघडलं नाही. नुसती बसून."

हा कार्यकर्ता तिच्या विरुद्धच्या पॅनेलचा आहे, हे मला माहीत होतं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसलं तरी कोण कुणाचं हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या साप्ताहिकाचा कल कुठे आहे, हेही माहीत होतं. तरी दुसरा फोन करून विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. टोला हातात आला होता.

मी लिहिलं, "डोंगर भेगाळतो आहे आणि त्या डोंगराखालच्या वाडीच्या सरपंचबाई बैठकभर मुकाट बसून होत्या. चावीवर चालणाऱ्या बाहुलीचं असंच होतं. चावी बहुधा पतिराजांच्या खिशात घरीच राहिली असावी."

नाव घातलं नव्हतं. घालायची गरजच नव्हती. शुक्रवारी अंक निघाला, पण त्याआधीच त्याची प्रत सगळ्या ग्रुपवर फिरली होती. संपादकांनी फोन करून सांगितलं, "ताई, लोक चावीच्याच गोष्टी करतायत."

पुढच्या बुधवारी मी छापखान्यात प्रुफं तपासत बसले होते. दारात एक बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, रापलेल्या, इस्त्रीच्या साडीवर प्रवासाच्या चुण्या. काखेत प्लास्टिकची फाइल. संपादक पुढच्या टेबलाशी होते. त्यांनी ओळखलं, उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी मागच्या खोलीत, पण मधलं दार उघडंच होतं. दोन वाक्यांत मला कळलं की ह्या कोण आहेत.

"मी बैठकीत बोललेली हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तीन वेळा उभी राह्यले. सायेब म्हणाले, तुमचा विषय शेवटी घेऊ. शेवटी म्हणाले, आता वेळ नाय, लेखी द्या. मी लेखी घेऊनच गेले व्हते. दिलं. ही बघा पोच."

संपादकांनी कागद हातात घेतला आणि परत दिला. "आमच्याकडे जी माहिती आली त्यावर आम्ही लिहिलं," ते म्हणाले. "तुमचा खुलासा लिहून द्या. जागा असेल तसा विचार करू."

"माहिती कोनी दिली?"

"ते सांगता येत नाही."

"लिवलं कोनी?"

"अग्रलेख हा वृत्तपत्राचा असतो," संपादक म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या उठल्या आणि, मी बाईमाणूस दिसले म्हणून असेल, मधल्या दारातून आत आल्या. "मॅडम, तुम्ही इथं कामाला का?"

"प्रुफं वाचते," मी म्हणाले.

"मग तुम्ही ते चावीचं वाचलं असंल ना? आता हे बी वाचा." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. अर्जाची झेरॉक्स होती. वर तालुक्याच्या कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख बैठकीचीच. खाली सुवाच्य, शाळकरी अक्षरात तीन प्रश्न. वरच्या वाडीच्या मागच्या भेगांची पाहणी कधी होणार? पावसात लोकांना हलवायचं तर कुठे? रात्री दरड आली तर कळवायचं कुणाला?

"माझे मालक मुंबईला हायत, चौदा वरसं," त्या म्हणाल्या. "शिमग्याला नि गणपतीला येतात. ते तर सांगत व्हते, निवडनुकीला उभी राहू नको, लोक नावं ठेवतील. त्यांच्या खिशात कसली आली चावी?"

मी "हं" म्हणाले. एवढंच. कागद परत दिला. त्या गेल्या आणि मी समोरच्या प्रुफात एकाच ओळीवर चारदा लाल पेन फिरवलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. काही घडत नव्हतं, पण मी एका जागी बसू शकत नव्हते. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची आणि अर्धे पिळे बादलीत ठेवून खाली यायची. फोनवर तो अग्रलेख उघडायची, तीच तीन वाक्यं वाचायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. त्यातल्या 'बहुधा' आणि 'असावी'वर माझं बोट थांबायचं. खोटं लिहून नामानिराळं राहायची ती सोय होती. वर्गात मी मुलांना संकेतार्थ नि विध्यर्थ शिकवते. हा अर्थ कुठल्या पुस्तकात नव्हता.

नवऱ्याला सांगितलं. तो शिफ्टवरून येऊन जेवत होता. म्हणाला, "मग जाऊन सांग ना. इथे फेऱ्या मारून काय होणार आहे?"

"काय सांगू?"

"मला काय विचारतेस? लिहिताना विचारलं होतंस?"

त्याचं बोलणं लागलं, कारण घरात माझ्या लिहिण्याचं कौतुक तोच सगळ्यांत जास्त करायचा.

महिनाअखेरीला त्या गावात विशेष ग्रामसभा असल्याचं मला कळलं. पावसाळ्यात शाळेत कुणाकुणाला हलवायचं, त्या घरांची यादी ठरणार होती. मी महाडहून एसटीने पोलादपूरला गेले आणि तिथून जीपने वर. कशेडी घाट लागायच्या आधी एक फाटा आत वळतो. रस्ता चढत जातो आणि हायवेवरच्या ट्रकांचा आवाज बराच वेळ मागून येत राहतो. जाताना ठरवलं होतं की सभेआधीच त्यांना गाठायचं. पण पोचले तेव्हा सभा सुरू झाली होती. शाळेच्या व्हरांड्यात माणसं, वर्गात बायका, मधे टेबल. मी बायकांच्या मागे जाऊन बसले.

सरपंचबाई उभ्या राहून यादी वाचत होत्या. आवाज छापखान्यातल्यापेक्षा मोठा, ठाम. पाचसहा नावं झाली असतील. व्हरांड्यातून एक माणूस म्हणाला, "सरपंचबाय, आज चावी भरून आलाव का?"

हशा झाला. फार मोठा नाही. पुढे बसलेल्या दोन बायकाही पदर तोंडावर धरून हसल्या. तो माणूस काही वाईट चेहऱ्याचा नव्हता. जमलेल्या चार लोकांना हसवल्यावर माणूस जसा खूश होतो, तसा खूश दिसत होता. मी तो चेहरा ओळखला. स्टाफरूममध्ये मान खाली घालून मी तो लपवायची.

सरपंचबाई थांबल्या. कागदाकडे पाहिलं. मग पुढचं नाव वाचलं, पण ते आधी वाचलेलंच होतं. कुणीतरी ते सांगितलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी इतक्या भरभर की मागे काही ऐकू येईना. व्हरांड्यातली माणसं आपसांत बोलायला लागली. एकेक जण उठला. ग्रामसेवकाने डोकी मोजली, कोरम राहिला नाही म्हणाला आणि सभा तहकूब झाली. यादी तशीच टेबलावर राहिली. ज्या घरांना पावसाआधी हलवायचं होतं, त्यांची नावं माझ्या एका वाक्यामुळे मंजूर झाली नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सगळे गेल्यावर त्या वर्गात सतरंजी गुंडाळत होत्या. मी दुसरं टोक धरलं. त्यांनी मला ओळखलं. "छापखान्यातल्या मॅडम ना तुम्ही? इकडं कुटं?"

"ते मी लिहिलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पेपरातलं. चावीचं."

त्यांनी सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही पोच हातात घेऊन वाचलीत."

"हो."

"नि बोललात नाय."

"नाही बोलले."

"मला वाटलं व्हतं, कोन तरी पुरुष असंल." त्या खिडकीकडे वळल्या. "तुम्ही नव्हतात ना बैठकीला? मी सगळी माणसं बगितली व्हती. तुम्ही नव्हतात."

"नव्हते."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, मला अजून ठाऊक नाही. दाराला कुलूप घालून म्हणाल्या, "आलाच हाव तर वर चला. बगून घ्या. मग काय लिवायचं ते लिवा."

वरची वाडी शाळेपासून वीस मिनिटांच्या चढावर. घरांच्या मागे काजूची झाडं आणि त्यांच्या वर उघडा उतार. तिथे जमिनीला भेग गेलेली होती. माणूस पाऊल अडकून पडेल एवढी, आणि लांब, वाकडी, झुडपांत शिरलेली. भेगेच्या दोन्ही अंगांना त्यांनी लाकडाच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि मधे नायलॉनची दोरी बांधली होती.

"गेल्या सालाला दोरी ढिली व्हती," त्या म्हणाल्या. "बोट घाला आता."

मी दोरीवर बोट ठेवलं. ताठ, तारेसारखी.

"तलाठी दोनदा येऊन गेले. त्यांनी फोटो काढले, रिपोट पाठवला. वरनं कोन येत नाय." बोलता बोलता त्यांनी एका खुंटीजवळचा दगड पायाने घट्ट बसवला. खालच्या अंगणात एक म्हातारी बाई लाल मिरच्या उलटत होती. ती वर बघून ओरडली, "कोन गो आलंय?"

"महाडच्या मॅडम!" सरपंचबाईंनी उत्तर दिलं. तेवढंच. पेपराचं नाव काढलं नाही.

मी घरी येऊन लिहिलं. भेगेवर, दोरीवर, लेखी दिलेल्या तीन प्रश्नांवर. सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं की मागच्या एका अंकातलं विधान चुकीचं होतं, ते ऐकीव माहितीवर केलं होतं आणि त्याबद्दल आम्ही सरपंचांची क्षमा मागतो.

संपादकांनी लेख वाचला. चष्मा कपाळावर गेला. "छान झालाय. पहिला परिच्छेद काढू या."

"तो काढला तर लेखच नको."

"अग्रलेख माफी मागत नसतो, ताई. उद्या जो तो पोच घेऊन दारात उभा राहील."

"राहू दे."

"चाळीस वर्षं हे साप्ताहिक चालवतोय मी," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही दमला आहात. घरी जा, मी बघतो."

शुक्रवारी अंक पाहिला. पहिला परिच्छेद नव्हता. भेग होती, दोरी होती. आणि शेवटी एक नवं वाक्य होतं, "तलाठी महाशयांना डोंगर चढायला सरकारने आता लिफ्ट बसवून द्यावी काय?" मी ते उभ्याउभ्या वाचलं. वर चढून गेलेला तो एकटाच सरकारी माणूस होता. वाक्य तर असं होतं की कुणीही ते माझंच समजलं असतं. सहा वर्षांत त्यांनी माझी लकब उचलली होती, की मुळात त्यांचीच लकब मी उचलली होती, कोण जाणे.

मी त्याच दिवशी जाऊन लिहिणं थांबवत असल्याचं सांगितलं. भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या छापखान्यात माझा आवाज चढला. बाहेरच्या लोकांनी आत डोकावून पाहिलं. शेवटी संपादक दोन खुलासे छापायला तयार झाले, एक सरपंचांचा, एक तलाठ्याचा. चौथ्या पानावर, शिकवणीच्या जाहिरातीखाली, आठ ओळींच्या चौकटीत ते आले. माझं नाव घालायला त्यांनी नकार दिला. म्हणाले, "तुमचं नाव कुठे होतंच?"

तहकूब झालेली सभा पुढच्या आठवड्यात पुन्हा भरली. मी गेले. सरपंचबाईंना आधी सांगितलं की मला दोन मिनिटं बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "यादीच्या आधी बोला. नंतर कोन थांबत नाय."

मी टेबलापाशी उभी राहिले. सांगितलं की चावीचं ते वाक्य माझं. मी बैठकीला नव्हते. सरपंच तीन वेळा बोलायला उठल्या होत्या आणि त्यांनी लेखी अर्ज दिला होता. मी न विचारता लिहिलं.

व्हरांड्यातला तो माणूस मोबाइलमध्ये बघत राहिला. मिरच्यावाल्या म्हातारीने शेजारणीला विचारलं, "ही कोन?" शेजारीण म्हणाली, "पेपरवाली." मग भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले, "बरं. मग आता आमी काय करायचं?"

ते चेष्टा करत नव्हते. खरंच विचारत होते.

"काय नाय करायचं," सरपंचबाई म्हणाल्या. "यादी ऐका."

यादी मंजूर झाली. त्या पावसात वरच्या वाडीतली घरं जवळजवळ दीड महिना शाळेत राहिली. डोंगर आला नाही. आला नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण भाद्रपदात लोक घरी परतले ते कुरकुरत. बाईने उगाच पळवलं, म्हणाले. दोरी तुटल्याचं सरपंचबाईंनी मला फोनवर सांगितलं आणि नवी बांधल्याचंही. पाहणीला पथक आलं ते पाऊस सरल्यावर. त्यांनी उतारावर उभं राहून मोजमापं घेतली. अहवाल कुठल्या टेबलावर आहे, कुणालाच माहीत नाही.

चौथ्या पानावरचे ते खुलासे त्या गावात कुणी वाचले असतील असं वाटत नाही. 'चावीवाली बाई' मात्र टिकलं. फाट्यावर जीपवाला मला सहज विचारतो, "चावीवाल्या बाईंच्या गावात ना?" त्याच्या मनात काही नसतं. त्याला ते गावाच्या नावासारखंच झालंय. दर वेळी मी त्याची चूक दुरुस्त करते, तो मान डोलावतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणतो.

हल्ली मी सरपंचबाईंना अर्ज लिहायला मदत करते. त्यांनीच बोलावलं, मी होऊन गेले नव्हते. मागच्या महिन्यात जिल्ह्याला पाठवायचा एक अर्ज आम्ही त्यांच्या ओटीवर बसून केला. मी लिहिलं होतं, 'झोपलेल्या प्रशासनाला जाग येण्यासाठी अजून किती पावसाळे लागणार?' त्यांनी वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे कशाला?" त्या म्हणाल्या. "तिकडं बसलेल्या मान्साला आपन वळखत तरी हाव का? त्याला काय म्हायती हाय, काय नाय, आपल्याला ठावं नाय. घरं किती, मानसं किती, भेग किती वाढली, एवढंच लिवा."

मी तेवढंच लिहिलं. अर्ज अर्ध्या पानाचा झाला. मला तो फार कोरडा वाटला आणि अजूनही वाटतो. रोज सकाळी मी त्यांना फोन करून विचारते, काही उत्तर आलं का. अजून आलेलं नाही.